पंचेचाळीसचा कोपरा

ग्रॅनाइटच्या दोन पट्ट्या काटकोनात भेटवायच्या आहेत. एक वाट अशी, की दोन्हींच्या कडा मागच्या अंगाने ४५ अंशांत तासायच्या आणि टोकाला टोक भिडवायचं. सांध्याची रेघ नेमकी कोपऱ्यावर येते आणि बघणाऱ्याला वाटतं, हा अख्खा जाड दगडच आहे. दुसरी वाट जुनी. एक पट्टी दुसरीच्या पोटाला सरळ लावायची आणि जी कड उघडी राहते ती गोल घासून पॉलिश करायची. पहिलीला साइटवर ‘माइटर’ किंवा नुसतं ‘पंचेचाळीस’ म्हणतात, दुसरीला ‘मोल्डिंग’.

प्रतापराव गुजरांच्या १६७४ च्या खिंडीतल्या लढाईमुळे उभ्या महाराष्ट्राला माहीत असलेलं नेसरी हे गडहिंग्लज तालुक्यातलं गाव. इकडची जुनी घरं जांभ्याच्या चिऱ्यांची आणि मातीची, जमीन सारवलेली. मग शहाबादी फरशी आली आणि आता ग्रॅनाइट. मुंबईत राहिलेला माणूस गावाकडे घर बांधायला काढतो, तेव्हा ओट्याच्या कडेचा फोटो त्याच्या आधी मोबाइलवरून येऊन पोचतो. फोटोत कोपरा धारदार असतो, सांधा शोधून सापडत नाही. अशाच एका घरात मामा आणि भाचा या दोन कारागिरांचा वाद मी ऐकला. मामांचा हात छिन्नी-हातोड्यावर बसलेला. चिऱ्यांचं बांधकाम करत करत ते फरशीकडे आले. भाचा पुण्यात मार्बल-ग्रॅनाइटचं काम शिकून परतला आहे.

मामा : ह्ये सुताराचं काम हाय. फोटोच्या चौकटीला सुतार पंचेचाळीस मारतोय, ते शोभतंय. लाकूड जरा दबतंय, खिळा धरतंय. दगड दबत न्हाई. त्येची कड पातळ केलीस की पहिली तीच जाणार.

भाचा : पातळ ठेवतो कोण? सांगतो मी ते. पण आधी तुम्ही सांगा, तुमच्या मते कोपरा कसा करायचा?

मामा : कोपरा म्हंजे एक दगड. भिंत बांधताना कोपऱ्याचा चिरा सगळ्यात चांगला निवडून घेतोय आम्ही. एका थराला त्येची लांब बाजू हिकडं, वरच्या थराला तिकडं. सांधा कोपऱ्यापासनं लांब पडला पायजे. कोपऱ्यावर सांधा आणायचा न्हाई, ह्ये पहिल्या दिवशी शिकवत्यात.

मामांच्या बोलण्याला फार जुना आधार आहे. शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी खिद्रापूरला बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वराचं देऊळ आहे. काळ्या दगडाचं, चुन्यावाचून दगडावर दगड बसवलेलं. तिथे भिंतीला कोनामागून कोन आहेत आणि आडव्या थरांची नक्षी त्या कोनांवरून वळत जाते. ते वळण चिकटवलेलं नाही, दगडातच काढलेलं आहे. युरोपातले पाथरवटही हेच करत. नक्षीची पट्टी कोपऱ्यात वळवायची तर ४५ अंशांची रेघ एकाच दगडाच्या अंगात कोरायची आणि खरा सांधा बाजूला सरकवायचा. टोकाला टोक भिडवणं तिकडेही सुताराकडेच होतं. मामांनी याबद्दलची पुस्तकं वाचलेली नाहीत, तरी त्यांचा मुद्दा तोच आहे.

भाचा : मामा, तुमच्या हातात फूटभर लांबीचा चिरा असायचा. माझ्या हातात १८ एमएमची पट्टी येते. तिच्यातनं कोपरा कोरायचा कसा? आणि तुमचं मोल्डिंग म्हणजे तरी काय? खालून दुसरी पट्टी चिकटवून कड डबल करता, मग गोल घासता. सांधा तिथंही आहेच की. समोरून आडवी रेघ दिसते.

मामा : दिसू दे की. ती रेघ सपाटीवर हाय, धारंवर न्हाई. कुकर आपटला तर गोल कडंवरनं सटकतोय. धारंवर आपटला की टवका.

इथे मला भाच्याची बाजू अधिक पटते, आणि कारण साधं आहे. खाणीतला ठोकळा करवतीखाली घालून त्याच्या पातळ पट्ट्या निघू लागल्या, तेव्हाच पाथरवटाचा कोपरा मागे पडला. १८ मिलिमीटरची पट्टी ही दगडाची फळी आहे आणि फळीला सुताराचाच सांधा लागणार. मात्र ही फळी लाकडासारखी वाकत नाही, दबत नाही आणि मार बसला की सरळ तुटते. म्हणजे सांधा सुताराचा आणि स्वभाव पाथरवटाच्या दगडाचा. सगळी अडचण एवढ्यातच आहे आणि मामा-भाचे तिची दोन टोकं धरून बसले होते.

मामांनी दुसरा मुद्दा काढला तो त्याहून जड होता.

मामा : टाइलला पंचेचाळीस मारतोस ते समजतंय. वरची चकाकी येगळी, आतली माती येगळी. कड उघडी ठेवली तर भिकार दिसतंय. दगड आत-बाहेर एकच हाय. त्येची कड घासली की तीच त्येचं तोंड. लपवायचं काय त्यात?

भाचा : काळ्या ग्रॅनाइटला लपवायचं काहीच नाही, कबूल. पण शिरा असलेला मार्बल घ्या. वरून आलेली शीर कडेवर येऊन तुटते. त्याच पट्टीची शेजारची चीप कापून, खडूनं नंबर घालून, आदलाबदल न करता पंचेचाळीसमध्ये लावली तर शीर कोपऱ्यावरून खाली उतरते. ब्लेडच्या जाडीइतका दगड जातो, तेवढी ती सरकते. पण डोळ्याला अखंड लागते. ते मोल्डिंगनं होत नाही.

मामा : ओट्याला मार्बल घालतोय कोण? लिंबू पडलं की डाग.

मामांचं हेही खरं. संगमरवर चुनखडीच्याच कुळातला. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांच्या आंबटपणाने त्याची चकाकी जाते. कोटा, शहाबाद, कडप्पा हे आपल्या घरांतले तिन्ही दगड आपापल्या गावांची नावं घेऊन आले आणि तिन्ही चुनखडीचेच. कठीणपणाच्या दहाच्या मोजपट्टीवर कॅल्साइट ३ वर बसतं, ग्रॅनाइटमधली मुख्य खनिजं ६ ते ७ वर. मऊ दगड कापायला सोपा म्हणून माइटरलाही सोपा असेल असं वाटतं, पण तसं नाही. कडप्पा आणि शहाबाद थराथरांचे असतात. मागून तिरपा काप घेतला की टोकाशी उरतो तो एखादा पातळ थर आणि तोच पापुद्र्यासारखा सुटून येतो. ग्रॅनाइटमध्येही सगळे सारखे नाहीत. बारीक दाण्याचा काळा दगड कड छान धरतो. मोठ्या दाण्याच्या दगडात एखादा स्फटिक नेमका टोकावर आला, तर तो अख्खाच निखळतो आणि तेवढी खोच राहते. जांभ्याचं तर नावच काढायला नको. छिद्रांनी भरलेल्या त्या दगडाला पातळ टोक राहतच नाही.

बोलणं पुरे म्हणून भाच्याने काम दाखवलं. ते जवळून बघण्यासारखं आहे.

पट्टी आधी सरळ, मापात कापून घेतली होती आणि गुण्या लावून तपासली होती. पॉलिश केलेल्या बाजूवर कडेलगत कागदी टेप लावली, म्हणजे ब्लेडच्या धक्क्याने कपची उडत नाही आणि पुढे चिकटवताना डागही पडत नाही. मग पट्टी जुन्या पोत्यावर पालथी ठेवली. मागच्या अंगाला कडेपासून १८ मिलिमीटर आत खडूची रेघ. समोरच्या कडेला मात्र १ मिलिमीटर दगड शाबूत ठेवायचा, त्याला ब्लेड लावायचंच नाही. म्हणजे तिरपा काप मागे १८ आत आणि खोलीत १७ असा जातो. त्यामुळे कोन ४५ पेक्षा दीड अंशाने जास्त भरतो आणि तो तसाच हवा असतो. दोन तुकडे भिडले की जी बारीक फट पडायची ती मागे पडते, चिकटवायच्या मालाला जागा होते आणि समोरून दोघे घट्ट मिळतात.

ग्राइंडरला अखंड कडेचं डायमंड ब्लेड होतं. खाचा असलेलं ब्लेड भरभर कापतं, पण कडेला चावे घेतं. पहिला हात हलका, दोन-तीन मिलिमीटरचा, नुसती वाट पाडण्यापुरता. दुसरा हात खोल. शेजारी एक पोरगा झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीतून ब्लेडवर पाण्याची धार धरून होता. शेवटचा भाग ब्लेडने न काढता घासायच्या पॅडने उतरवला. कापाची तिरपी बाजू मुद्दाम खरबरीत ठेवली, कारण गुळगुळीत दगडावर एपॉक्सी पकड घेत नाही. ती बाजू धुऊन पूर्ण वाळू दिली. एपॉक्सीत त्याच दगडाची भुकटी कालवून रंग जुळवला, तुकडे भिडवले, बाहेरून टेपने आवळले आणि आतल्या कोनात दगडाचे छोटे तुकडे आधाराला चिकटवले.

दोन्ही कडांना तो एक-एक मिलिमीटर राखलेला असल्यामुळे कोपऱ्यावर बारीक खाच उरते. ती त्याच मालाने भरली. माल घट्ट झाल्यावर ४००, ८००, १५०० आणि शेवटी ३००० नंबरचा पॅड फिरवून टोकाची धार मोडली. बोट फिरवलं तर बारीक गोलाई लागते. हातभर अंतरावरून मात्र ती दिसत नाही.

भाचा : बघा मामा, पातळ टोक आहे कुठे? जे उरलंय ते भरलेलं आहे आणि वर घासलेलं आहे.

मामा : हात चांगला हाय तुझा. त्याबद्दल म्हणणं न्हाई. पण कोपरा ह्या घराचा गुण्यात हाय म्हणून जमलं. जुन्या भिंतीला लावून दाखव.

मामांनी एका वाक्यात हिशोब सांगितला. १८ मिलिमीटर दगडाच्या तासलेल्या बाजूची रुंदी साधारण २५ मिलिमीटर भरते. भिंतीचा कोपरा ९० ऐवजी ८८ अंश निघाला आणि तुकडे बरोबर पंचेचाळीसचे असले, तर ते मागे आधी टेकतात आणि समोर तोंड उघडतं, जवळजवळ १ मिलिमीटरची फट. काळ्या चकाकत्या दगडावर ती खोलीच्या दारातून दिसते. तिच्यात कितीही माल भरला तरी भरलेलं कळतंच. मातीच्या भिंतीला नवा गिलावा करून ग्रॅनाइट लावताना हे हमखास होतं. त्यामुळे माइटरचं काम गवंड्याच्या गिलाव्यापासून सुरू होतं. गिलावा करतानाच ओळंबा आणि गुण्या धरला नसेल, तर फरशीवाल्याला दोष देऊन उपयोग नाही.

पायऱ्यांवर मात्र दोघांचा आवाज चढला. घरमालकाने पाठवलेल्या फोटोत पायऱ्यांनाही पंचेचाळीसच होतं.

मामा : पायरीला करू नको. गॅसचा सिलिंडर ह्याच पायरीवरनं आपटत वर जाणार हाय. सिमेंटचं पोतं, भाताचं पोतं, समदं हितनंच. पहिल्या पावसाळ्याच्या आत टवकं दिसतील. सामानगडावर खडकात कोरलेल्या पायऱ्या बघ. शेकडो वर्सं पाय पडल्यात. कडा बोथट झाल्यात, पण मोडल्या न्हाईत.

भाचा : मी मालकाला सांगितलं होतं. ते म्हणाले, पैसे देतो, कर.

मामा : मग पुन्हा सांग. पैसं त्येचं, नाव तुझं.

भाचा : आणि दुसऱ्यानं येऊन करून दिलं तर? काम माझं जाणार.

यावर मामा गप्प बसले आणि मलाही पटकन काही सुचलं नाही. गावात कारागिराला ‘नाही’ म्हणणं महाग पडतं. पण दगडाच्या बाजूने बोलायचं तर इथे मामा पूर्ण बरोबर आहेत. पायरीचं नाक हा घरातला सगळ्यात जास्त मार खाणारा भाग. तिथे कोपऱ्यावर सांधा असेल, तर टाचेचा प्रत्येक दाब त्या सांध्यावर येतो. अंगणातल्या पायऱ्यांना वरून ऊनही लागतं. दगड तापून किंचित वाढतो, रात्री आकसतो, आणि हे रोजचं ओढणं चिकटवलेल्या रेघेलाच सोसावं लागतं. डबल पट्टीच्या गोल कडेचा टवका उडाला तर पुन्हा घासून निभतं. माइटर फुटला तर दोन्ही पट्ट्यांना हात लावावा लागतो. त्यात घरात म्हातारी माणसं आणि रांगणारी पोरं असतात. पायरीची कड गोलच हवी, आणि वर घसरू नये म्हणून दोन-तीन खाचा मारलेल्या हव्यात.

बोलता बोलता मामांना खोकला आला. भाचा काम थांबवून त्यांच्याकडे बघत राहिला.

भाचा : मामा, तुमच्या वेळी पाणी मारत होता का?

मामा : छिन्नीला कसलं पाणी? पुढं मशीन आलं तवा पाणी मारलं की करंट लागतोय म्हणून कोरडंच कापायचो. धुरळ्यात मानूस दिसायचा न्हाई.

माझ्या लेखी सगळ्या वादात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची होती. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असतं. त्याची डोळ्याला न दिसणारी भुकटी फुप्फुसात जाऊन बसते, ती परत निघत नाही. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा करणारं औषध नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात हा रोग कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत होता. पण गावातल्या अर्धवट बांधलेल्या घराला कारखाना म्हणणार कोण? ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून कृत्रिम क्वार्ट्झच्या पट्ट्यांवर बंदी घातली, ती ओटे कापणाऱ्या तरुण कामगारांना हाच रोग झाला म्हणून. त्या कृत्रिम पट्ट्यांत सिलिका ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी जास्त असते, हे खरं. म्हणून ग्रॅनाइटचा धुरळा निरुपद्रवी ठरत नाही.

माइटरने हा धोका वाढतो. सरळ कापात दोन मिलिमीटर जाडीचं ब्लेड १८ मिलिमीटर दगडातून जातं, तेवढ्याच दगडाची भुकटी होते. मागची तिरपी बाजू ब्लेडने न काढता सगळी तासून काढली, तर भुकटी साधारण चौपट निघते. म्हणून आधी ब्लेडने पाचर वेगळी काढायची, तासायचं शेवटचं थोडंच, आणि तेही पाण्याखाली. विजेची भीती खोटी नाही. पण तिच्यावर गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच हा उपाय आहे, कोरडं कापणं हा नव्हे. तोंडाला गुंडाळलेला रुमाल सिलिकाची भुकटी अडवत नाही, धुळीसाठीचा घट्ट बसणारा मास्कच लागतो. भाचा मास्क लावतो. बाटली धरणाऱ्या पोराला मात्र मास्क नव्हता, आणि ते मामांनीच दाखवून दिलं.

मामा : त्याला पण दे. तुझ्यापेक्षा धुरळा त्येच्या तोंडावर जास्त येतोय.

भाच्याने गाडीच्या डिकीतून दुसरा मास्क काढून दिला. पायऱ्यांचं त्या दिवशी ठरलं नाही.

घर बांधायला काढलेल्यांना माझं सांगणं असं. ओट्याच्या समोरच्या पट्टीला, खिडकीच्या कडेला, देवघराच्या कोनाड्याला, खांबाच्या कोपऱ्याला बारीक दाण्याचा ग्रॅनाइट असेल तर पंचेचाळीस जरूर मागा. फक्त टोक घासून बोथट करून घ्या आणि पट्टीच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी एक खाच मारून घ्या, म्हणजे ओट्याचं पाणी खालच्या कपाटात ओघळणार नाही. पायरीला, उंबऱ्याला, कडप्प्याला आणि शहाबादीला ते मागू नका. कारागीर नको म्हणाला तर त्याचं ऐका आणि तेवढ्यावरून काम दुसऱ्याला देऊ नका. दर बोलताना एक फूट कोपऱ्याला दोन फूट कड तासावी लागते हे लक्षात ठेवा आणि पैसे दोन फुटांचे द्या. पाण्याचा नळ, गळतीचा स्विच आणि साइटवरच्या प्रत्येकाला मास्क, बाटली धरणाऱ्या पोरालासुद्धा, हा खर्च घरमालकाचा आहे.